चौथ्या दिवसाचा कोरा रकाना

व्हिसाच्या फायलीत एक तक्ता जोडावा लागतो. तारीख, गाव, मुक्कामाचं हॉटेल आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी तुम्ही काय करणार ते. सात दिवसांच्या सात ओळी. मी सहा भरल्या आणि चौथी कोरी ठेवली. विसरले नव्हते, मुद्दाम ठेवली होती.

खिडकीपलीकडच्या बाईंनी फाइल चाळली. पासपोर्ट, सिव्हिल आयडी, कंपनीचं ना-हरकत पत्र, बँकेचे कागद, विमा. प्रत्येकावर पेन्सिलीने बारीक खूण करत त्या तक्त्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. केरळच्या असाव्यात. कुवेतमध्ये आपण सगळे एकमेकांशी जी हिंदी बोलतो त्याच हिंदीत म्हणाल्या, "मॅडम, चार नंबर का दिन खाली है."

"हां, खाली ही है."

"लिखना भूल गया?"

"नहीं. उस दिन हम लोग कुछ नहीं करेंगे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी इस्त्रीच्या शर्टात ताठ उभ्या असलेल्या बाबांकडे. "कुछ नहीं करने को इटली जाता है?"

"हां."

"तो कुछ नहीं का बुकिंग दिखाओ."

मागे रांगेतलं कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मी ज्या दवाखान्यात बिलिंगला आहे तिथल्या एका डॉक्टरबाईंचा पासपोर्ट युरोपातला आहे. त्या बुधवारी ठरवतात आणि शुक्रवारी सकाळी तिकडच्या एखाद्या चौकात कॉफी पीत बसलेल्या असतात. मंगळवारी दुपारी तीन वाजता तुम्ही कुठे असाल, असं त्यांना कोणी विचारत नाही. आम्हाला विचारतात. आमच्या पासपोर्टवर प्रवास मिळतो, भटकणं मिळत नाही. मी हे सगळं त्या बाईंना ऐकवलं, हिंदीत आणि चढ्या आवाजात. त्यांनी ऐकून घेतलं. रोज ऐकत असणार.

"आप का बात ठीक है," त्या म्हणाल्या. "लेकिन मेरे को फाइल आगे भेजना है. खाली डिब्बा देखेगा तो वो लोग पूछेगा, ये आदमी उस दिन किधर भागेगा."

बाबांनी माझी बाही ओढली. "बाय गो, लिव काय तरी. देऊळ लिव."

आणि मी लिहिलं. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या लिहिण्यातून आलं. फोनवर कुठल्याशा प्रवाशाची यादी उघडली आणि सुवाच्य अक्षरात उतरवली: साडेनऊ, नगर संग्रहालय. अकरा, मुख्य चर्च. दोन वाजता तटबंदीवरून फेरी. चार वाजता हस्तकला केंद्राला भेट. हस्तकला केंद्र त्या यादीतही नव्हतं, ते मी माझ्या मनाने घातलं. रकाना भरलेला दिसायला हवा होता.

बाईंनी खूण केली आणि शिक्का मारला. आम्ही बाहेर आलो.

कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. एसटीच्या पासाचं, वसतिगृहातल्या पाण्याचं, ग्रंथालय सातला बंद होतं त्याचं. एका पानात राग बसवायला मी तिथे शिकले. पहिल्या ओळीत काय झालं ते, दुसरीत कोणी केलं ते, आणि शेवटच्या ओळीत आम्ही गप्प बसणार नाही. कुवेतमध्ये पत्रकं काढत नाहीत. काढलीच तर आधी परतीचं तिकीट निघतं. इथे मी फार तर आपल्या लोकांना फोनवर सांगते, पासपोर्ट मालकाकडे ठेवायचा नसतो, न कळणाऱ्या कागदावर सही करू नका. तेही हळू आवाजात. त्यामुळे माझा राग दोन वर्षं तुंबलेला होता आणि तो त्या खिडकीवर निघाला, पाच मिनिटं. सहाव्या मिनिटाला मी निमूटपणे खोटं लिहीत होते.

बाबा तीस वर्षं इथे आहेत. संगमरवर बसवतात. अर्दियाच्या गोदामात लाद्या कापायच्या आणि लोकांच्या बंगल्यांत नेऊन बसवायच्या. आता मुकादम आहेत, पण गुडघे अजून लादीवरच असतात. राहायला सुलैबियाला, कंपनीच्या खोलीत, सहा जणांत एक. मी सलवामध्ये दोन नर्सेसबरोबर फ्लॅटमध्ये राहते. नोकरी धरून मी कुवेतला आले तेव्हा बापाची आणि माझी खरी ओळख झाली. त्याआधी ते माझ्यासाठी दर दोन वर्षांनी दोन महिने येणारे पाहुणे होते, आणि त्या दोन महिन्यांतही हाती लागायचे नाहीत.

त्यांच्या सुट्टीचा कागद आई आधीच करून ठेवायची. कालनिर्णयाच्या मागच्या पानावर. पहिला दिवस देवीची ओटी. मग कौलं परतणं. मग आवाराचा गडगा, जो दर पावसात एका जागी ढासळायचा आणि जो बांधायला गावात दुसरा माणूस नव्हताच जणू. चुलत बहिणींची लग्नं तर त्यांच्या रजेच्या तारखा बघून ठरायची. दाढ काढणं, बँक, सातबारा. तीस वर्षं दगड बसवणारा माणूस सुट्टीत येऊन चिरे बसवायचा. मला लहानपणी वाटायचं, त्यांना आवडतं म्हणून करतात.

कुवेतमध्ये शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, ते माझ्याकडे जेवायला येतात. मागच्या हिवाळ्यात अशाच एका शुक्रवारी मी त्यांना त्या डॉक्टरबाईंचे फोटो दाखवत होते. डोंगरावरचं गाव, अरुंद गल्ल्या, मधे एक फरसबंदी चौक, त्यात लाकडी बाकावर चार म्हातारे. बाबांनी फोन हातात घेतला.

"हे कामाक खंय जातत?"

"कामाक जायनत नाय. म्हातारे आसत."

"मग बसान काय करतत?"

"काय नाय, बाबानू. बसतत."

त्यांनी फोन परत दिला नाही. बोटांनी फोटो मोठा केला. मला वाटलं फरशी बघतायत. ते बाक बघत होते. मग म्हणाले, "असो एक दिवस होयो. कोण हाक मारूचो नाय."

साइटवर दिवसभर त्यांना हाका असतात. मेस्त्री इकडे, मेस्त्री तिकडे, मेस्त्री पाणी आलं नाही, मेस्त्री साहेब आले. सुट्टीत आईच्या हाका. ते वाक्य त्यांनी तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच मला लागलं. तेवढ्यात कंपनीने सांगून टाकलं की हे वर्ष शेवटचं, साठीच्या पुढच्या माणसाचा अकामा आता नवा करणार नाही. अकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना. तो गेला की इथून व्हिसा मागता येत नाही, आणि गावाकडे गेल्यावर आईचा कालनिर्णय भिंतीवर तयारच. म्हणजे तो एक दिवस द्यायचा तर आत्ताच. मी तिकिटं काढली. सात दिवसांपैकी सहा इकडचे तिकडचे, पण चौथा त्या फोटोतल्या गावी, आणि तो रिकामा. त्या एका दिवसासाठी सगळी उठाठेव होती.

चौथ्या दिवशी मी साडेसातला उठले तर बाबा अंघोळ करून, बूट घालून खुर्चीत बसले होते. मांडीवर प्लास्टिकची फाइल. फायलीत व्हिसाच्या कागदांची झेरॉक्स, आणि सगळ्यात वर माझ्या अक्षरातला तक्ता.

"साडेनऊक म्युझियम आसा," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग मी हसले. "बाबानू, ता खोटा आसा. मी असाच लिवलंय. आज आपल्याक काय करूचा नाय."

"असाच कसा? सरकाराक लिवन दिलंस ना?"

"कोण बघूक येवचो नाय."

"चेकिंग इली तर?"

तीस वर्षं हा माणूस अशा देशात राहिला जिथे अकाम्यावर जे काम लिहिलंय तेच करायचं असतं, ज्या मालकाचं नाव आहे त्याच्याच साइटवर सापडायचं असतं. चेकिंगवाले आले की कागद आणि माणूस एका जागी हवा. नसला तर त्याच संध्याकाळी गाडीत बसवतात. त्यांच्या खोलीतले दोघे तसे गेले. हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. मी अर्धा तास समजावलं. इथे तसं नसतं, आपण पाहुणे आहोत, पाहुण्याने मन बदललं तर चालतं. ते मान हलवत राहिले आणि नऊ वाजता उठून दारात उभे राहिले.

आम्ही गेलो. गाव फोटोतल्यासारखंच होतं, उलट जास्तच. चढाच्या गल्ल्या, खिडक्यांत कुंड्या, कुठेतरी लसूण परतल्याचा वास. बाकं होती, म्हातारे होते, एक बाक तर अख्खं मोकळं होतं. बाबा त्याच्यापुढून झपाझप निघून गेले. फाइल काखेत. मी मागून जवळजवळ धावत होते आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच, की ही धावपळ माझ्या हस्ताक्षरात आहे.

संग्रहालय बंद होतं. दारावर पाटी होती. मी फोन धरून वाचली: सोमवारी बंद. तो सोमवार होता.

"कितीक उघडतला?" बाबांनी विचारलं.

"बाराक," मी म्हणाले.

का म्हणाले ते मला नीट सांगता येईल. मला वाटलं, खरं सांगितलं तर हे लगेच चर्चकडे निघतील, अकराच्या आधी पोचून तिथे घड्याळ बघतील. बारा म्हटलं तर तक्त्याचा क्रम मोडायला नको म्हणून इथेच बसतील. मी त्यांना एका बाकासाठी एवढ्या लांब आणलं होतं आणि आता खोटं बोलून पायरीवर बसवत होते. बसवलं.

पायऱ्या दगडी होत्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. ऊन कोवळं होतं. कुवेतच्या सप्टेंबरातून गेलेल्या माणसाला असं ऊन म्हणजे कोणीतरी अंगावर शाल टाकल्यासारखं. बाबांनी आधी घड्याळ पाहिलं, मग फाइल बाजूला ठेवली, मग सवयीने पायरीवरून तळवा फिरवला.

"घासून न्हय," ते म्हणाले. "पायांनी झिजलो हा दगड."

समोर एक बाई खिडकीतून सतरंजी झटकत होती. एक मांजर आलं, आमच्याकडे बघून गेलं. आम्ही काही बोललो नाही, बराच वेळ. मी माझ्या बापाजवळ इतका वेळ न बोलता कधी बसले नव्हते. आमच्या घरात न बोलता बसणं म्हणजे कोणीतरी आजारी.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. कुवेतमधलं त्यांचं पहिलं वर्ष. एका बंगल्यात दिवाणखान्याची फरशी बसवून झाली होती. दुपारी बाकीचे जेवायला गेले आणि हे नव्या लादीवर पाठ टेकून पडले, फक्त दोन मिनिटं म्हणून. लादी थंडगार होती. झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर गेलं होतं आणि सगळे जण अंगणात उभे होते, हत्यारं हातात धरून, गप्प. घरच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी दारात खुर्ची टाकली होती आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना बाहेर थोपवलं होतं. कोणी हाक मारायची नाही, मेस्त्री झोपलाय.

"मेस्त्री खयचो? तेव्हा मी हमाल होतंय," बाबा म्हणाले आणि हसले. "तीस वर्सांत तेवढीच दुपार."

"खंय होता ता घर?"

"सलवाक. तुझ्या बिल्डिंगीच्या मागच्या गल्लीत. तुका कधी सांगूक नाय?"

नव्हतं सांगितलं. मी रोज त्या गल्लीतून किराणाच्या बकाल्यात दूध आणायला जाते.

अकराच्या पुढे गेलं असेल. मला वाटायला लागलं होतं की जमलं. मी मनातल्या मनात त्या व्हिसावाल्या बाईंना सांगत होते, हे बघा कुछ नहीं का बुकिंग. आणि तेवढ्यात वरच्या गल्लीतून एक म्हातारा आला, आम्हाला पायरीवर बघून थांबला, काठीने दारावरची पाटी दाखवली आणि हात आडवा हलवला. मग बोटांवर वार मोजून दाखवले. एक बोट दुमडलं, आज. दुसऱ्यावर टिचकी मारली, उद्या. भाषा कळायची गरजच नव्हती.

बाबांनी पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तुका वाचूक येता ना?"

मी फोन खिशात सारला.

"येता ना वाचूक? मग बाराक कित्याक सांगलंस?"

"तुमी बसाक होये म्हणान."

ते उठले. फाइल उचलली, पँट झटकली. "माजो येळ घालवलंस," ते म्हणाले.

त्या वाक्यावर मी भर रस्त्यात भांडले. होय, घालवला. तेवढ्यासाठीच आणलं होतं. तुमचा वेळ घालवायला माणूस लागतो, कारण तुम्हाला तो घालवता येत नाही. आईने नाही घालवू दिला, कंपनीने नाही, आता तुम्हीच नाही घालवू देत. काय काय बोलले. म्हातारा काठी टेकवून ऐकत उभा होता. बाबा शांतपणे म्हणाले, "चर्चाची वेळ अकरा लिवलीस. आता साडेअकरा झाली."

उरलेला दिवस तक्त्याप्रमाणे गेला. चर्च बाराला बंद होणार होतं, आम्ही आत दहा मिनिटं होतो. बाबांनी बूट काढायला जागा शोधली, नव्हती, म्हणून बुटांसकट अवघडून उभे राहिले. दुपारी सगळं गाव दारं लावून झोपलं. बाबांना त्याचं नवल वाटलं नाही, "आमच्याकडे पण एक ते चार बंदच आसता," म्हणाले, आमच्याकडे म्हणजे कुवेतमध्ये. ज्या वेळी ते अख्खं गाव काहीही करत नव्हतं, नेमके त्या वेळी आम्ही दोघं तटबंदीवरून फेरी मारत होतो, कारण दोन वाजले होते. खाली द्राक्षांचे मळे होते. बाबांनी तटाचे सांधे पाहिले.

मग चार वाजले आणि हस्तकला केंद्र आलं.

"ता नाय आसा, बाबानू," मी सांगितलं. "तसा केंद्रच नाय. मी मनान लिवलंय."

यावर ते पहिल्यांदा खरोखर घाबरले. म्युझियम बंद होतं याला पाटी पुरावा होती, तिचा त्यांनी फोटो काढून ठेवला होता. पण जे नाहीच तिथे आपण गेलो होतो हे कसं दाखवणार? ते एकेका दुकानात शिरायला लागले. तक्त्यावर बोट ठेवायचे, विचारायचे. लोक माना हलवायचे. मी बाहेर उभी राहिले. मला लाज वाटत होती, आणि ती त्यांची नव्हती, पण मी आत गेले नाही. शेवटी ते एका वह्यापेनांच्या दुकानातून बाहेर आले, चेहरा मोकळा. तक्त्याच्या चौथ्या ओळीवर दुकानाचा गोल निळा शिक्का होता आणि त्याखाली दुकानवाल्या बाईंची सही.

"शिक्को मारल्यान," ते म्हणाले. "चांगली बाई. हसत होती."

मग ते बाकावर बसले. पाच मिनिटं. कागद फायलीत नीट घालायला.

परतीला कुवेतच्या विमानतळावर आम्ही रांगेत लागलो. बाबांनी फाइल उघडून हातात धरली होती. तिकिटं, चर्चच्या दानपेटीशी घेतलेलं चित्र, शिक्क्याचा कागद, सगळं क्रमाने. खिडकीतल्या तरुणाने पासपोर्ट घेतला, स्क्रीन पाहिली, पासपोर्ट परत सरकवला. बाबा हलले नाहीत. त्यांनी फाइल काचेजवळ धरली. "पेपर," ते म्हणाले. तरुणाने फाइलकडे न बघताच हाताने पुढे व्हायला सांगितलं. "यल्ला, हज्जी, यल्ला." चला आजोबा, चला.

टॅक्सीत त्यांनी फाइल बंद करून मांडीवर ठेवली. पाचव्या रिंगरोडला लागल्यावर म्हणाले, "कोणी इचारूक नाय."

"मी सांगलेलंय."

"म्हणजे ता कोरा ठेवला असता तरी चालला असता?"

मला खूप काही सांगता आलं असतं. नियम कसे आहेत, ते कोणासाठी आहेत, कोणाला विचारतात आणि कोणाला नाही. पण ज्या बाईंनी रकाना भरायला लावला त्यांना मी पाच मिनिटं सुनावलं होतं आणि ज्या माणसाने तो मुकाट्याने पाळला त्याच्यावर सबंध दिवस चिडले होते. त्यांनी ना इटलीचा कायदा पाळला, ना कुवेतचा. माझं अक्षर पाळलं. मी चर्च लिहिलं म्हणून ते चर्चमध्ये गेले.

"नाय," मी म्हणाले. "कोरा ठेवला असता तर व्हिसो मिळालो नसतो. पण भरल्यावर पाळला नसता तरी चालला असता."

"ता आदी सांगूचा," ते म्हणाले.

मी सांगितलं होतं, अर्धा तास. पण ते त्या सकाळी, बूट घालून झाल्यावर. त्या खिडकीशी, लिहिताना, नव्हतं सांगितलं.

आता त्यांचे दोन शुक्रवार उरले आहेत. म्हणजे होते. पहिल्या शुक्रवारसाठी मी यादी केली होती. सकाळी त्यांच्या बॅगा भरायच्या, मग माझ्याकडे जेवण, मग समुद्रावर. गुरुवारी त्यांचा फोन आला.

"उद्या मी येनय नाय."

"कित्याक? बरा नाय?"

"बरा आसा. येनय नाय."

"मग मी तिकडे येतंय. बॅगा..."

"बाय गो," ते म्हणाले, "येव नको. फोनपण करू नको."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, रागही आला. दोनच शुक्रवार आणि त्यातला एक असा. मी वालाचं बिरडं करणार होते, वाल भिजत घातले होते. रात्री नर्सेसना सांगितलं तर एक म्हणाली, "अंकल गुस्सा है क्या?" मी म्हणाले, माहीत नाही.

सकाळी दूध आणायला गेले. मागच्या गल्लीतली सगळी घरं सारखीच, उंच भिंती, वाळूच्या रंगाची. त्यातलं कुठलं ते मी विचारून घेतलं नव्हतं. घरी येऊन वाल सोलत बसले. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला.

दहाच्या सुमाराला आईचाच आला, गावाहून.

"तुझो बापूस फोन उचलीत नाय. तीन वेळा केलंय."

"झोपले असतील."

"ह्या वेळेक? बरा आसा ना तेंका?"

"बरे आसत. काय करीत नाय आसत."

"काय नाय म्हणजे?"

"काय नाय म्हणजे काय नाय, आये."

"मगे बराच नाय आसा. मी परत करतंय दहा मिन्टांनी. कौलांचा इचारूचा आसा, माणूस दारात उभो आसा."

"आये, उद्या इचार."

"गो पण माणूस..."

"उद्या. आज करू नको. संध्याकाळपर्यंत तर नकोच."

"कित्याक पण?"

मी कारण सांगितलं नाही. माणसाला चहा दे आणि उद्या ये म्हण, एवढंच सांगितलं. आई कुरकुरली, बापाची लेक म्हणाली, मग ठेवला. मी फोन पालथा घातला आणि उरलेले वाल सोलायला घेतले.